पायाळू मूल वळते कसे?

पायांकडून जन्मलेल्याला आपल्याकडे ‘पायाळू’ म्हणतात. त्याच्यावर वीज पडते, असेही तुम्ही ऐकले असेल. (वीज काही कोणाच्या जन्माची चौकशी करीत नाही!) खरा धोका जन्मतानाच असतो. डोके सर्वांत शेवटी येते, ते अडकू शकते, नाळ दाबली जाऊ शकते.

२८व्या आठवड्यात सुमारे चारांतील एक मूल डोके वर करून असते. दिवस भरेपर्यंत अशी शंभरात तीन-चारच उरतात. बाकीची वळतात कशी? डोके जड म्हणून खाली जाते, असे तुम्ही म्हणाल. पण गर्भजलात मूल जवळजवळ तरंगतच असते. तेथे वजनाचे फारसे चालत नाही. आकाराचे मात्र चालते. गर्भाशय वर रुंद, खाली निमुळते. कुल्ले आणि दुमडलेले पाय मिळून डोक्यापेक्षा अधिक जागा लागते. लाथा झाडता झाडता मूल सोयीने बसते.

पुढे पाणी कमी होते, मूल वाढते, फिरायला जागा उरत नाही. म्हणून ३६-३७व्या आठवड्याच्या सुमारास डॉक्टर पोटावरूनच एका हाताने कुल्ले वर सारतात, दुसऱ्याने डोके वळवतात. मूल जणू कोलांटी घेते. सुमारे निम्म्या वेळा हे साधते. क्वचित बाळाचे ठोके मंदावतात, वार सुटते. म्हणून हे काम रुग्णालयातच, शस्त्रक्रियेची सोय जवळ ठेवून करतात. घरी पोट चोळून कोणी असे करू लागल्यास त्यांना थांबवा. गुडघे-कोपर टेकून ओणवे राहिल्याने मूल वळते, याला चाचण्यांत पुरेसा पुरावा मिळालेला नाही.