लहान कंपन्यांचे आयपीओ : अर्ज करण्यापूर्वी

अलीकडे बँकेच्या काउंटरवर आम्हाला एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो, “साहेब, सोनेतारण कर्ज काढून आयपीओ भरू का?” म्हणून सभासद व विद्यार्थी यांच्यासाठी हे चार शब्द.

लहान व मध्यम कंपन्यांसाठी मुंबई शेअर बाजाराने २०१२ साली स्वतंत्र मंच सुरू केला. लहान उद्योगाला भांडवल मिळावे, हा हेतू चांगलाच आहे. परंतु या कंपन्यांचे माहितीपत्रक सेबी नव्हे, तर शेअर बाजारच तपासून मंजूर करतो. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या एका दुचाकी विक्रेत्या कंपनीने १२ कोटी रुपये मागितले. शोरूम दोनच, पण अर्ज आले सुमारे ४,८०० कोटींचे! त्याच महिन्यात सेबीने गुंतवणूकदारांना सावध केले.

२०२५ पासून येथे किमान अर्जच दोन लाखांहून अधिक रकमेचा असतो. शेअर विकायचे तेही लॉटनेच. गिऱ्हाईक थोडे, त्यामुळे भाव पडला की पैसा अडकतो.

तेव्हा प्रथम माहितीपत्रक वाचावे. तीन वर्षांचा नफा, डोक्यावरील कर्ज आणि जमणाऱ्या पैशाचा विनियोग पाहावा. मुलांच्या शिक्षणाचा पैसा येथे लावू नये; कर्ज काढून तर मुळीच नाही. शंका असल्यास अर्जावर सही करण्यापूर्वी आम्हाला अवश्य विचारावे.