पहिली कॅप

१० जून २००६. रात्रीचे साडेनऊ. परीक्षा लांबल्यामुळे होस्टेल अजून भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सबमिशन, पण टीव्ही रूममध्ये पाय ठेवायला जागा नाही. वर्ल्ड कपमध्ये स्वीडन विरुद्ध त्रिनिदाद आणि टोबॅगो. स्वीडन किती गोल मारणार यावर वडापावच्या पैजा लागलेल्या. त्रिनिदादबद्दल आमचं सगळ्यांचं मिळून ज्ञान एवढंच की तो लाराचा देश, आणि कॅप्टन ड्वाइट यॉर्क हा लाराचा लहानपणापासूनचा दोस्त. दुसरा हाफ सुरू झाला न झाला तोच त्यांच्या एव्हरी जॉनला रेड कार्ड. दहा जण उरले. तरी शेवटपर्यंत गोल होऊ दिला नाही. ०-०! ज्यांनी स्वीडनवर वडापाव लावले होते तेच जास्त ओरडत होते.

नंतर टपरीवर चहा पिताना आमच्यातला एक जण म्हणाला, "तेरा लाखांचा देश म्हणजे सोप्पं आहे राव! जरा बरा खेळला की डायरेक्ट नॅशनल टीम. आपल्याकडे तेवढी पब्लिक लोकलला लटकते."

तेव्हा मलाही ते पटलं होतं. आज त्याच कॉलेजात शिकवायला आलोय आणि मधल्या वर्षांत कॅरिबियन फुटबॉलचं वेड लागलंय, म्हणून सांगतो: ते वाक्य साफ चुकीचं होतं. तिथल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला देशाच्या सीनियर संघातून पहिला सामना खेळायला मिळणं, म्हणजे फुटबॉलच्या भाषेत पहिली 'कॅप' मिळणं, हे जितकं अवघड तितकंच त्याच्या पुढच्या आयुष्याचा फैसला करणारं असतं. का, ते बघू.

रांग दोन ठिकाणी लागते

बेटावरच्या पोराची वाट साधारण ठरलेली. आधी शाळा. जमैकात शाळांच्या मॅनिंग कप स्पर्धेला शंभराहून जास्त वर्षं झाली आहेत आणि तिथल्या मॅचेसना स्टेडियम भरतात. मग एखादी अकॅडमी किंवा स्थानिक क्लब, मग देशाचा १७ वर्षांखालचा संघ, २० वर्षांखालचा संघ, आणि मग सीनियर. आपल्या फर्स्ट इयर ते फायनल इयरसारखंच सरळ वाटतं. पण घोळ असा की इथे फायनल इयरला थेट बाहेरून ॲडमिशन घेणारेही असतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून लाखो लोक इंग्लंड, हॉलंड, अमेरिका, कॅनडात कामाला गेले. त्यांची मुलं-नातवंडं तिकडेच जन्मली आणि तिकडच्या चकाचक क्लबांमध्ये फुटबॉल शिकली. आई-वडील किंवा आजी-आजोबा बेटावरचे असतील तर पासपोर्ट काढून ही मुलं बेटाच्या संघातून खेळू शकतात. म्हणजे किंग्स्टनमधल्या पोराची स्पर्धा फक्त शेजारच्या शाळेतल्या पोराशी नाही, लंडनमध्ये वाढलेल्या पोराशीसुद्धा आहे. देश छोटा, पण रांग दोन खंडांत पसरलेली.

(आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही. २००८ पासून भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूला दार बंद.)

यात बाहेरचा वाईट आणि घरचा चांगला असं काही नाही हं. १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये जमैका पहिल्यांदाच खेळला. क्रोएशियाविरुद्ध जमैकाचा वर्ल्ड कपमधला पहिलावहिला गोल झाला तो रॉबी अर्लच्या हेडरने. अर्ल इंग्लंडमध्ये जन्मलेला, ३३ वर्षांचा. आणि तो क्रॉस टाकला होता रिकार्डो गार्डनरने, जो जमैकात वाढलेला आणि तेव्हा फक्त १९ वर्षांचा होता. बेटावरच्या पोराने बॉल उचलून द्यायचा आणि परदेशात जन्मलेल्याने डोक्याने आत ढकलायचा. आख्ख्या कॅरिबियन फुटबॉलची गोष्ट या एका गोलमध्ये आली.

अनुभव हवा, मग नोकरी. नोकरी हवी, मग अनुभव

आता मुख्य मुद्दा. लंडनमध्ये जन्मलेल्याच्या हातात क्लबचा करार आधीपासून असतो. त्याच्यासाठी कॅप म्हणजे मान. बेटावरच्या पोरासाठी मात्र कॅप म्हणजे व्हिसाचा कागद.

इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूला वर्क परमिट लागतं. कित्येक वर्षं तिथला नियम असा होता की युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूने मागच्या दोन वर्षांत आपल्या देशाच्या अधिकृत सामन्यांपैकी ७५ टक्के खेळलेले असावेत, आणि तो देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये असावा. म्हणजे पोरगा कितीही भारी असू दे, देशाच्या सीनियर संघात नसेल किंवा देशच क्रमवारीत खाली असेल, तर साधारणपणे फाईल बंद. २०१५ मध्ये नियम बदलून आणखी कडक झाला. २०२१ पासून पॉइंट्सची पद्धत आली. देशासाठी खेळलेले सामने, क्लबच्या लीगचा दर्जा वगैरे मिळून १५ पॉइंट्स जमवायचे. २०२३ पासून होतकरू खेळाडूंसाठी प्रत्येक क्लबला मोजक्या जागांची सवलत मिळाली, पण त्या मोजक्याच.

आता गंमत बघा. मोठ्या क्लबात जायचं तर कॅप हवी. आणि कोच कॅप कोणाला देतो? मोठ्या क्लबात खेळणाऱ्याला! कॅम्पसच्या वेळी 'दोन वर्षांचा अनुभव आवश्यक' अशी जाहिरात वाचून फ्रेशर जसा कपाळाला हात लावतो, अगदी तसंच.

या चक्रातून सुटलेला पोरगा कसा असतो, त्याचं उदाहरण पुन्हा गार्डनरच. किंग्स्टनच्या हार्बर व्ह्यू क्लबमधून तो राष्ट्रीय संघात आला, १९९८ चा वर्ल्ड कप खेळला, आणि त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या बोल्टन वाँडरर्सने त्याला सुमारे दहा लाख पौंडांना घेतलं. तिथे तो २०१२ पर्यंत, म्हणजे १४ वर्षं खेळला. अलीकडचं उदाहरण दुजुआन रिचर्ड्सचं. किंग्स्टन कॉलेज या शाळेकडून तो मॅनिंग कप खेळला. मार्च २०२३ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, त्याला जमैकाची पहिली कॅप मिळाली ती त्रिनिदादविरुद्ध. त्याच वर्षी तो गोल्ड कपच्या संघातही होता. चेल्सीशी बोलणं झालं, पण जायला थांबावं लागलं, कारण फिफाच्या नियमाने अठरा पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या देशात ट्रान्सफर होत नाही. या नियमाला अपवाद आहेत, पण कॅरिबियन पोराला ते क्वचितच लागू पडतात.

तिसरी एक वाट आहे, ती तुम्हाला आवडेल. अमेरिकेतल्या कॉलेजांची फुटबॉल स्कॉलरशिप. खेळा आणि डिग्रीही घ्या. त्या २००६ च्या मॅचमध्ये स्वीडनचे शॉट्स अडवून ज्याने आम्हाला वेड लावलं, तो गोलकीपर शाका हिस्लॉप याच वाटेने गेलेला. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीचा मेकॅनिकल इंजिनिअर! मेकवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. हिस्लॉप जन्मला लंडनमध्ये, वाढला त्रिनिदादमध्ये. इंग्लंडच्या २१ वर्षांखालच्या संघाकडून खेळून झाल्यावर मग त्रिनिदादकडून खेळला. म्हणजे वरच्या दोन्ही रांगांत तो एकटाच उभा होता.

शिक्का कधी बसतो?

दोन पासपोर्टवाल्यांच्या बाबतीत आणखी एक भानगड असते. मैत्रीपूर्ण सामना खेळलात तर तुम्ही त्या देशाला कायमचे बांधले जात नाही. सीनियर संघाचा अधिकृत स्पर्धेतला सामना खेळलात की शिक्का बसतो. पूर्वी तो पुसताच येत नसे. २०२० मध्ये फिफाने थोडी ढील दिली. वयाची २१ वर्षं पूर्ण होण्याआधी तीनपेक्षा जास्त सीनियर सामने झालेले नसतील, वर्ल्ड कप किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेत तुम्ही उतरला नसाल, आणि शेवटच्या सामन्याला तीन वर्षं उलटली असतील, तर देश बदलता येतो.

म्हणून फेडरेशनला परदेशातल्या गुणी पोराला अधिकृत सामन्यात लवकर उतरवायची घाई असते. एखाद्या सामन्यात शेवटची पाच मिनिटं उरतात, एकच बदली शिल्लक असते, आणि कोच बेंचकडे बघतो. तिथे दोन पोरं बसलेली. एकाला आज नाही खेळवलं तर तो दुसऱ्या देशाकडे जाईल. दुसरा कुठेच जाणार नाही, कारण त्याला दुसरा देशच नाही. सांगा, कोच कोणाला वॉर्म-अप करायला सांगेल?

त्यात पूर्वी सामनेच फार कमी असत. वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीतून छोटं बेट पहिल्याच राउंडला बाहेर पडलं की पुढे मोठी सुट्टी. माँटसेराट हे जेमतेम पाच हजार वस्तीचं बेट घ्या. १९९५ पासून ज्वालामुखीने निम्म्याहून जास्त लोकांना देशोधडीला लावलं, राजधानी राखेत गेली. ३० जून २००२ ला, ब्राझील-जर्मनी फायनलच्याच दिवशी, हा संघ आपल्या शेजारी भूतानमध्ये थिंपूला येऊन खेळला. फिफा क्रमवारीतल्या शेवटच्या दोन देशांचा तो सामना. माँटसेराट ०-४ हरलं, पण एक सामना तरी मिळाला! २०१९ मध्ये सुरू झालेल्या कॉन्ककॅफ नेशन्स लीगने हे चित्र बदललं. आता लहानात लहान बेटालाही आपल्या तोडीच्या संघांशी ठरलेले सामने मिळतात. सामने वाढले की बेंचवरच्या पोराची पाळी येण्याची शक्यताही वाढते. साधं गणित आहे.

बेट तेच, पासपोर्ट वेगळा

१८ नोव्हेंबर २०२५ ला किंग्स्टनमध्ये क्युरासावने जमैकाला ०-० असं रोखलं आणि २०२६ च्या वर्ल्ड कपचं तिकीट काढलं. सुमारे दीड लाख वस्ती. वर्ल्ड कपला पात्र ठरलेला इतिहासातला सगळ्यात छोटा देश. पण त्यांचा जवळजवळ सगळा संघ हॉलंडमध्ये जन्मलेला! बेटावर जन्मलेला ताहिथ चाँग, तोही लहानपणीच हॉलंडला शिकायला गेलेला. क्युरासावच्या माणसाकडे डच पासपोर्ट असतो, त्यामुळे युरोपचं दार त्याला आधीच उघडं. जमैकाच्या पोराला तेच दार कॅप दाखवून उघडायला लागतं. बेटं एकाच समुद्रातली, पण एकाच्या खिशात किल्ली आणि दुसऱ्याला लाईनमध्ये उभं राहायचं.

आता वळू या पुन्हा त्या ड्वाइट यॉर्ककडे. टोबॅगोतल्या साध्या घरातला पोरगा. भाऊ क्लिंट त्रिनिदादकडून क्रिकेट खेळला, हा फुटबॉलकडे वळला. १९८९ मध्ये अ‍ॅस्टन व्हिला क्लब दौऱ्यावर आला असताना मॅनेजर ग्रॅहम टेलरने त्याला हेरलं. त्याच वर्षी तो देशाच्या सीनियर संघातही आला. १९ नोव्हेंबर १९८९ ला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये अमेरिकेविरुद्ध शेवटचा पात्रता सामना. फक्त बरोबरी हवी होती. सगळं स्टेडियम लाल कपड्यांत. यॉर्क तेव्हा नुकताच १८ पूर्ण झालेला. अमेरिकेच्या पॉल कॅलिजुरीने लांबून एक गोल मारला, त्रिनिदाद ०-१ हरलं आणि वर्ल्ड कप गेला. हरूनसुद्धा प्रेक्षक इतके शहाण्यासारखे वागले की फिफाने त्या वर्षीचा फेअर प्ले पुरस्कार त्यांनाच दिला.

याच पोर्ट ऑफ स्पेनमध्ये १९७१ साली आपल्या सुनील गावसकरांनी कसोटी पदार्पण केलं, ६५ आणि नाबाद ६७, आणि भारत जिंकला. पदार्पणाचं शहर म्हणून आपल्याला ते गोड आठवतं. यॉर्कच्या पिढीला त्याच शहरात अठराव्या वर्षी कडू घोट घ्यावा लागला.

मधल्या काळात यॉर्क मँचेस्टर युनायटेडकडून खेळला, १९९९ मध्ये एकाच मोसमात तीन मोठी विजेतेपदं जिंकला. देश मात्र वर्ल्ड कपला पोचत नव्हता. अखेर १६ नोव्हेंबर २००५ ला बहारीनमध्ये यॉर्कने कॉर्नर घेतला, डेनिस लॉरेन्सने हेडर मारला, १-० आणि सोळा वर्षांचा हिशेब चुकता. म्हणजे त्या रात्री टीव्ही रूममध्ये आम्ही ज्याला 'लाराचा दोस्त' म्हणत होतो, तो ३४ वर्षांचा माणूस अठराव्या वर्षी सुरू झालेली मॅच संपवत होता. आणि आम्ही वडापाव मोजत होतो!

म्हणून यापुढे रात्री उशिरा कधी कॅरिबियन संघाची मॅच लागली, तर बॉलच्या मागे धावणाऱ्यांबरोबर बेंचकडेही जरा बघा. कडेला एखादं किडकिडीत पोर बसलेलं असेल, बुटाची लेस तिसऱ्यांदा बांधत. स्कोअर काय, यापेक्षा घड्याळात किती मिनिटं उरली याकडेच त्याचं लक्ष असेल. तेरा लाखांच्या देशात टीममध्ये येणं सोप्पं असतं, असं त्याच्यासमोर तरी म्हणू नका.