किराण्याची महागाई आणि कुटुंबाची तोंडमिळवणी : गेवराई तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

महागाई हा शब्द आपण नित्य वापरतो. परंतु त्याने नेमके काय सूचित होते याचा विचार क्वचितच होतो. वस्तूचा भाव वाढला म्हणजे महागाई झाली, ही सर्वसामान्य समजूत होय. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. भाव ही व्यवहाराची एक बाजू. तो भाव ज्या दिवशी द्यावयाचा त्या दिवशी कुटुंबाच्या हाती असलेला पैसा ही दुसरी. ज्यास दरमहा ठराविक वेतन मिळते तो मनुष्य आणि ज्याचे उत्पन्न वर्षातून एकदोनदाच, तेही पावसाच्या व बाजाराच्या मर्जीने हाती येते तो मनुष्य, या दोघांस तूरडाळीची एकच भाववाढ सारखी जाचत नाही. प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यासारख्या प्रदेशात किराण्याच्या भाववाढीचे स्वरूप कसे असते, कुटुंबे तिच्याशी कोणत्या मार्गांनी तोंडमिळवणी करतात आणि त्या मार्गांची खरी किंमत कोण देतो, या तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

१. विकणारा तोच घेणारा

गेवराई हे सोलापूर–धुळे महामार्गावरील तालुक्याचे गाव. तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी वाहते. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा या भागातून पुढे माजलगावकडे जातो. जेथे पाणी पोहोचते तेथे ऊस व मोसंबी, अन्यत्र मुख्यतः पावसावरची शेती, आणि नगदी पीक म्हणून सर्वत्र कापूस, असे येथील शेतीचे स्थूल चित्र आहे. त्याचबरोबर ऊसतोडीसाठी दर वर्षी स्थलांतर करणाऱ्या मजुरांचा जिल्हा म्हणूनही बीडची ओळख आहे.

पूर्वीच्या काळी या भागातील शेतकऱ्याच्या घरात ज्वारी व बाजरी, शेतातलीच तूर, हरभरा, करडई आणि जवस असे. धान्य बळदात, कणगीत अथवा पेवात साठविले जाई. सालगड्याच्या मोबदल्यात धान्याचा भाग असे, काढणीची मजुरी धान्यरूपाने मिळे आणि बलुत्याचा व्यवहारही धान्याचाच होता. या व्यवस्थेत अन्याय व विषमता पुष्कळ होती. तिचा गौरव करण्याचे कारण नाही. तथापि तिचा एक आर्थिक परिणाम असा होता की, बाजारातील धान्याचे भाव चढले तरी ज्याच्या पदरात मजुरीची पायली पडली त्याची भाकर तेवढीच राही. मजुरी रोख झाली, शेतात ज्वारी-करडईच्या जागी कापूस व सोयाबीन आले, तेव्हा उत्पन्न वाढण्याची शक्यता निर्माण झाली; परंतु भावांतील चढउताराची जोखीमही घरात आली. आता तेच कुटुंब हंगामात एक माल घाऊक भावाने विकते आणि वर्षभर दुसरा माल किरकोळ भावाने विकत घेते.

खाद्यतेलाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. देशास लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग आयात होतो. त्यामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया–युक्रेन युद्ध सुरू होताच सूर्यफूल तेलाचा आणि त्याच वर्षी एप्रिलअखेर इंडोनेशियाने निर्यात काही आठवडे थांबविताच पामतेलाचा प्रश्न येथील चुलीपर्यंत येऊन पोहोचला. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये तेलबिया पिकविणाऱ्यास भाव मिळावा या हेतूने केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलांवरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले. तेल महाग झाले. परंतु सोयाबीनचा बाजारभाव त्या हंगामात बहुतांश काळ क्विंटलमागे ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच राहिला. याचे एक कारण असे की, सोयाबीनमध्ये तेलाचे प्रमाण अठरा-वीस टक्केच असून उरलेल्या भागाची पेंड होते, आणि पेंडीचे भाव त्या वेळी पडलेले होते. मे २०२५ अखेर ते शुल्क १० टक्क्यांवर आणण्यात आले. या घटनाक्रमात सोयाबीन विकणारा शेतकरी व तेल घेणारी गृहिणी यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत असे ग्रंथांतून शिकविले जाते. गेवराईसारख्या ठिकाणी ती दोघे एकाच छपराखाली राहतात, आणि वरील हंगामात त्या घराचे दोन्हीकडून नुकसान झाले.

२. निर्देशांक काय सांगतो व काय सांगत नाही

उत्पन्न जितके कमी तितका खर्चातील अन्नाचा वाटा मोठा, हा नियम अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडला. राष्ट्रीय पाहण्यांनुसार भारताच्या ग्रामीण भागात हा वाटा १९९९-२००० मध्ये ५९ टक्क्यांच्या आसपास, २०११-१२ मध्ये सुमारे ५३ टक्के आणि २०२३-२४ मध्ये सुमारे ४७ टक्के होता. ही सुधारणा खरी आहे. परंतु तिच्या पोटात आणखी एक बदल दडलेला आहे. तृणधान्यांवरील खर्चाचा वाटा २०११-१२ मध्ये १०.७ टक्के होता, तो २०२२-२३ मध्ये ४.९ टक्क्यांवर आला. म्हणजे अन्नखर्चाचा भार आता धान्यावर नसून तेल, डाळ, दूध, भाजीपाला आणि तयार पदार्थ यांवर आहे. आणि नेमक्या याच वस्तूंचे भाव सर्वाधिक हेलकावतात.

दुसरा मुद्दा भाववाढीच्या दराचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्नपदार्थांच्या किरकोळ भाववाढीचा दर १०.८७ टक्के होता. एकट्या भाजीपाल्याचा ४२ टक्क्यांहून अधिक. वर्षभराने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, अन्नपदार्थांचा दर उणे ५.०२ टक्के झाला आणि स्वस्ताई आली असे म्हटले गेले. येथे साधे गणित करून पाहावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ज्या किराण्यास १०० रुपये लागत, त्यास एका वर्षाने सुमारे १११ रुपये आणि त्यापुढील वर्षी सुमारे १०५ रुपये लागू लागले. भाव उतरले हे खरे. पण ते मूळ ठिकाणी परतले नाहीत. शिवाय भाव उतरणे म्हणजे शेतमाल पिकविणाऱ्याचे उत्पन्न उतरणेही होय. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, गोदावरीस मोठा पूर आला आणि उभी पिके पाण्याखाली गेली. देशाच्या सरासरीने स्वस्ताई दाखविली त्याच महिन्यात ज्या कुटुंबाचा कापूस वाहून गेला होता, त्याच्या दृष्टीने उतरलेली डाळही महागच होती.

३. तोंडमिळवणीचे मार्ग

अशा परिस्थितीत कुटुंबे जे उपाय योजतात त्यांचे पाच वर्ग करता येतात.

पहिला उपाय साठ्याचा. सुगीत भाव उतरलेले असताना वर्षाची ज्वारी व डाळ भरून ठेवणे आणि उन्हाळ्यात वाळवणे करणे. हा सर्वांत लाभदायक मार्ग होय. परंतु त्यास सुगीच्या वेळी हाती रोकड असावी लागते. म्हणजे ज्यास त्याची सर्वाधिक गरज, त्यासच तो सर्वांत कमी साध्य.

दुसरा उपाय बदलाचा. डाळ महागली की येसराची आमटी, हुलग्याचे शेंगोळे, जवसाची वा कारळाची चटणी यांवर जेवण निभावते. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी या रानभाज्या मदतीस येतात. येथील गृहिणींपाशी या बाबतीत जे ज्ञान आहे ते कोणत्याही आहारशास्त्रज्ञाने आदराने अभ्यासावे असे आहे. अशा बदलामुळे पोषण घटतेच असे नाही. हुलगे व पालेभाज्या यांच्या बाबतीत तर उलटच म्हणावे लागेल.

तिसरा उपाय लहान खरेदीचा. तेलाच्या डब्याऐवजी लहान पिशवी, साखर पावशेर, चहाची पुडी रोजची रोज. यात हाती असलेल्या पैशाशी खर्च जुळतो. मात्र लहान मापास दर चढा पडतो. शिवाय पाच-दहा रुपयांच्या पुड्याची किंमत न बदलता त्यातील वजन कमी होते आणि भाववाढ नकळत घडते.

चौथा उपाय उधारीचा. दुकानदाराच्या वहीत खाते असते. कापूस विकला, मजुरी आली अथवा ऊसतोडीची उचल मिळाली की ते चुकते होते. उधारी नसती तर अनेक घरांतील चूल आषाढ-श्रावणात पेटली नसती, हे मान्य केले पाहिजे. पण ज्याचे खाते आहे त्यास दुसरे दुकान पाहता येत नाही आणि भावाची घासाघीस करता येत नाही. व्याज उघड नसले तरी ते भावातच मिसळलेले असते.

पाचवा उपाय कपातीचा. आमटीत पाणी वाढते, दूध चहापुरते उरते, फळे केवळ आजारपणात येतात. ही कपात घरातील सर्वांवर सारखी पडत नाही. आधी पुरुष व मुले, शेवटी वाढणारी, हा क्रम जेथे अद्याप आहे तेथे उणीव सर्वांत शेवटच्या ताटात जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. त्यापूर्वीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. याची कारणे अनेक आहेत, आणि केवळ भाववाढीवर त्याचे खापर फोडणे योग्य नव्हे. परंतु आधीच अशक्त असलेल्या देहावर काटकसरीचा पहिला भार टाकला जातो, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

या पाच उपायांत एक मूलभूत भेद आहे. पहिले दोन खरी बचत करतात. शेवटचे दोन मात्र आजची तूट उद्यावर ढकलतात, एक कर्जाच्या रूपाने व दुसरा शरीराच्या झिजेच्या रूपाने. तिसरा या दोहोंच्या सीमेवर आहे. कुटुंब “निभावून नेते” असे आपण म्हणतो तेव्हा ते कोणत्या वर्गातील उपायांनी, हे विचारले पाहिजे.

ऊसतोड कुटुंबाच्या बाबतीत हा भेद ठळक होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल मिळते. तिचा काही भाग मागील किराण्याच्या खात्यातच जातो. फडावर दैनंदिन खर्चास अधूनमधून मिळणारी खर्ची आणि उसाचे वाढे विकून येणारे पैसे यांवर बाजार होतो. म्हणजे पावसाळ्यात खाल्लेल्या अन्नाचे मोल हिवाळ्यातील श्रमांनी फेडावयाचे, आणि त्या श्रमकाळातील अन्नासाठी पुन्हा वेगळी तजवीज करावयाची, असे हे चक्र आहे.

४. धान्य की रोकड

सरकारी मदतीचा विचार याच दृष्टीने केला पाहिजे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबांस दरडोई ५ किलो व अंत्योदय कुटुंबांस ३५ किलो धान्य दरमहा मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य करण्यात आले. या धान्याचा मोठा गुण हा की, बाजारभाव कितीही चढला तरी किलो हा किलोच राहतो.

याउलट एक उदाहरण मराठवाड्यातच घडले. शेतकरी आत्महत्याग्रस्त अशा १४ जिल्ह्यांतील, त्यांत बीडही आले, केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांस २०१५ पासून दरडोई ५ किलो धान्य दोन व तीन रुपये किलो दराने देण्यात येत असे. जानेवारी २०२३ पासून त्याऐवजी दरडोई दरमहा १५० रुपये खात्यात देण्याचे ठरले. २०२४ मध्ये ही रक्कम १७० रुपये झाली. १७० रुपयांत ५ किलो म्हणजे ३४ रुपये किलो. धान्य त्याहून स्वस्त असेल तर कुटुंबाचा लाभ. ते ४० रुपयांवर गेले तर पाच माणसांच्या घरास दरमहा १५० रुपयांचा खड्डा. रोकड देण्यात सोय आहे, निवडीचे स्वातंत्र्य आहे. परंतु भाववाढीची जी जोखीम पूर्वी सरकारी गोदाम सोसत होते ती आता घरातील डब्याने सोसावयाची आहे. जुलै २०२४ पासून पात्र स्त्रियांस दरमहा १,५०० रुपये देणाऱ्या लाडकी बहीण योजनेबाबतही हेच म्हणता येईल. स्त्रीच्या स्वतःच्या हाती नियमित रोकड येणे ही उधारीच्या बंधनातून सुटण्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. मात्र रक्कम स्थिर आणि भाव चढते असतील तर तिची खरेदीशक्ती दर वर्षी थोडी थोडी झिजत जाते.

५. समारोप

१९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आदींच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध स्त्रियांनी लाटणी घेऊन मोर्चे काढले. त्याच वर्षीच्या दुष्काळात मराठवाड्यातील स्त्रिया खडी फोडण्याच्या कामावर होत्या आणि परदेशातून आलेल्या मिलोची भाकरी थापीत होत्या. शहरातील मागणी भाव उतरविण्याची होती, दुष्काळी भागातील मागणी कामाची होती. आणि त्यातूनच रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रात रुजली. भाव व उत्पन्न या दोहोंचा एकत्र विचार केल्याशिवाय महागाईचा प्रश्न सुटत नाही, हाच या दोन घटनांचा बोध आहे.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. रोख साहाय्याची प्रत्येक रक्कम धान्याच्या बाजारभावाशी बांधलेली असावी. शिधावाटपात डाळ व खाद्यतेल यांस सणापुरते नव्हे, तर नित्याचे स्थान मिळावे. कारण भार आता तेथे आहे. आणि कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत किती रुपये खर्च झाले एवढेच न विचारता कोणती वस्तू घेणे बंद झाले, वहीत किती बाकी आहे आणि घरात शेवटी जेवणारीच्या ताटात काय होते, हेही विचारले जावे. खर्च न वाढल्याचे जे आकडे आपल्या हाती येतात, त्यांत काटकसर किती आणि उपासमार किती, हे या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून कळावयाचे नाही.