विश्लेषण : मोटरहोमच्या मागे मोटार जोडताना नेमकी कोणती तयारी लागते?

अमेरिकेतल्या महामार्गांवर बसएवढ्या मोटरहोमच्या मागे दांड्याने जोडलेली छोटी मोटार धावताना हमखास दिसते. तिच्यात चालक नसतो, इंजिन बंद असते आणि चारही चाके रस्त्यावर फिरत असतात. हा प्रकार सोपा वाटला, तरी तयारीत चूक झाली तर गिअरबॉक्स निकामी होतो आणि ब्रेकची सोय नसेल तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

मोटार सोबत कशासाठी?

मोटरहोम मुक्कामी लावले, पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या नळ्या जोडल्या, की ते घरच होते. मग दूध आणायला घर हलवणार कसे? काही रस्त्यांवर तर त्याला प्रवेशच नसतो. मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या डोंगरी टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब वाहनांना मनाई आहे. अशा वेळी मागची मोटार सोडवून फिरता येते. ओढलेली या अर्थाच्या ‘टोड’ या इंग्रजी शब्दाचा उच्चार बेडकाच्या इंग्रजी नावासारखाच असल्याने अशा मोटारीला गमतीने ‘बेडूक’ही म्हणतात.

कोणतीही मोटार ओढता येते का?

नाही. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली, तर चाकांमुळे गिअरबॉक्सचे काही भाग फिरत राहतात, पण त्यांना तेल मिळत नाही. ते तापतात, झिजतात आणि काही तासांत मोठ्या खर्चाची दुरुस्ती ओढवू शकते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली की काम झाले, हा समज म्हणूनच महागात पडतो.

मॅन्युअल गिअरच्या अनेक गाड्या ओढता येतात, पण सरसकट सर्व नाही. जीप रँग्लर या कामासाठी लोकप्रिय आहे, कारण तिच्या ट्रान्स्फर केसला स्वतंत्र न्यूट्रल आहे. त्यामुळे चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच तुटतो. अमेरिकेतील होंडा सीआर-व्हीला २०१४ च्या मॉडेलपर्यंत अशी परवानगी होती. २०१५ मध्ये सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि ती गेली. म्हणजे गाडीचे नाव तेच असले, तरी वर्ष बदलले की उत्तर बदलते. विद्युत मोटारींत चाकांबरोबर मोटर फिरून वीज तयार होते. त्यामुळे टेस्लासारख्या कंपन्या चारही चाके उचलूनच गाडी न्यायला सांगतात. अंतिम शब्द त्या वर्षाच्या मालकपुस्तिकेचा.

जोडणीत काय लागते?

बंपर हे भार पेलण्यासाठी नसते. म्हणून त्यामागच्या सांगाड्याला ‘बेस प्लेट’ नावाची पोलादी चौकट बोल्टने बसवतात. ती प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी असते. तिच्यात ‘टो बार’ अडकतो आणि त्याचे दुसरे टोक मोटरहोमच्या हुकात बसते. हा दांडा शक्यतो समतल हवा. दोन टोकांच्या उंचीत तीन-चार इंचांपेक्षा जास्त फरक असेल, तर जोरात ब्रेक लावताच मागची मोटार मोटरहोमच्या खाली घुसण्याचा किंवा वर चढण्याचा धोका असतो. दांडा सुटलाच तर गाडी मोकाट सुटू नये म्हणून साखळ्या किंवा तारदोर लावतात. शिवाय मोटरहोमबरोबर मोटारीचे ब्रेकचे आणि वळणाचे दिवे लागावेत, यासाठी वायरिंग करावे लागते.

वेगळे ब्रेक कशाला?

मोटरहोमचे ब्रेक प्रामुख्याने त्याच्या स्वत:च्या वजनासाठी असतात. मागून दीड-दोन टनांची मोटार ढकलत असेल, तर थांबायला जास्त अंतर लागते आणि लांब घाट उतरताना ब्रेक तापतात. म्हणून मोटारीचे ब्रेकही सोबतच लागतील, असे उपकरण बसवतात. काही उपकरणे पेडलसमोर ठेवायची असतात, तर काही कायमची जोडलेली असतात. त्यातच ‘ब्रेकअवे’ स्विच असतो. मोटार सुटली की तार खेचली जाते आणि तिचे ब्रेक आपोआप लागतात. याबाबतचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, पण उताराला राज्याची सीमा कळत नाही.

वजनाचे गणित कसे?

मोटरहोम आणि मागची गाडी मिळून किती वजन चालेल, ही मर्यादा उत्पादक देतो. समजा ती १२,००० किलो आहे आणि सामान, पाणी, माणसांसह मोटरहोम १०,००० किलोचे भरले. उरले २,००० किलो. पण हुकाची क्षमता १,६०० किलोच असेल, तर मर्यादा १,६०० हीच. हूक, दांडा, बेस प्लेट यांतील सर्वांत कमी आकडा खरा.

निघताना काय पाहायचे?

स्टीअरिंगचे लॉक उघडे हवे, हँडब्रेक सोडलेला हवा आणि गिअर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हवा. मग काही मीटर सावकाश पुढे जाऊन मोटारीची चाके फिरत आहेत ना, हे दुसऱ्या माणसाने बाहेरून पाहावे. पहिल्या थांब्यावर चाकांना हात लावून बघावा. एखादे जास्त गरम असेल तर ब्रेक चिकटलेला असू शकतो. जोडलेल्या अवस्थेत रिव्हर्स मात्र घ्यायचा नाही. पुढची चाके आडवी वळतात आणि दांडा वाकतो. अडचण आली तर आधी मोटार सोडवावी.

भारतात याचा उपयोग काय?

आपल्याकडे हा प्रकार रूढ नाही, पण बंद पडलेली गाडी ओढून नेण्याची वेळ कुणावरही येते. तिथेही कारण तेच. ऑटोमॅटिक गाडी दोर बांधून लांबवर ओढू नये. क्रेनने उचलायची तर इंजिनाची ताकद मिळणारी चाके जमिनीवरून वर हवीत. चारही चाकांना ताकद मिळणारी किंवा विद्युत मोटार असेल, तर सपाट ट्रकच मागवावा. घाईत गाडीला हुक लावला जाण्याआधी ही एक सूचना दिली, तरी गिअरबॉक्स वाचू शकतो.