चाल प्रशिक्षकाची नव्हे, खेळाडूंची : मेम्फिसच्या वेगवान बास्केटबॉलची कथा

दिनांक ७ एप्रिल २००८. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहराच्या अलामोडोममध्ये अमेरिकेच्या पुरुष महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना रंगात आला होता. खेळ संपण्यास दोन मिनिटांहून थोडाच अधिक अवधी उरला असताना मेम्फिस विद्यापीठाचा संघ कॅन्ससविरुद्ध ६०-५१ असा पुढे होता. त्या हंगामात मेम्फिसने ३८ सामने जिंकले होते आणि केवळ एक गमावला होता. त्या संघाच्या वेगाला उत्तर नाही, असेच बहुतेकांना वाटत होते. तरीही तो सामना मेम्फिसच्या हातून निसटला. तो कसा निसटला हे पाहण्यापूर्वी हा संघ तिथवर कसा पोहोचला, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण त्याच्या यशाचे आणि अपयशाचे मूळ एकाच निर्णयात आहे.

आखलेल्या चालींचा खेळ

महाविद्यालयीन बास्केटबॉल हा परंपरेने प्रशिक्षकाचा खेळ मानला जातो. चेंडू ताब्यात आला की प्रशिक्षक मैदानाबाहेरून बोटांनी खूण करतो, संघाचा सूत्रधार खेळाडू तो संकेत मोठ्याने सांगतो आणि पाचही जण आधीच पाठ केलेल्या मार्गाने हालचाली करू लागतात. चेंडू कोणाकडे जाईल, आडोसा कोण धरील आणि नेम कोण साधील, हे सारे ठरलेले असते. या पद्धतीत शिस्त असते व चुका कमी होतात. मात्र, प्रतिस्पर्धीही चित्रफिती पाहून त्याच चाली पाठ करतात आणि खूण दिसताच पुढे काय होणार हे ओळखतात.

यावर पूर्वीच शोधलेला उपाय म्हणजे ‘मोशन’, अर्थात सतत हालचालीवर आधारलेले आक्रमण. त्यात ठरलेल्या चालींऐवजी काही नियम असतात : चेंडू दिल्यावर जागेवर उभे राहू नये, सहकाऱ्यापासून ठरावीक अंतर राखावे, बचावपटूने पाठ फिरवली की बास्केटकडे धाव घ्यावी. बॉब नाइट यांच्या मार्गदर्शनाखाली इंडियाना विद्यापीठाने याच विचाराच्या बळावर १९७५-७६ च्या हंगामात ३२ पैकी ३२ सामने जिंकून विजेतेपद पटकावले. परंतु ते आक्रमण संयमाचे होते. चेंडू हातोहात फिरवत, एकमेकांसाठी आडोसे धरत, चांगली संधी मिळेपर्यंत थांबण्याची त्याची रीत होती.

संथ खेळाचे टोक १९८२ मध्ये गाठले गेले. अटलांटिक कोस्ट विभागाच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने व्हर्जिनियावर ४७-४५ असा विजय मिळवला, तो बराच वेळ चेंडू नुसता फिरवत ठेवून. नेम साधण्यासाठी वेळेचे बंधन असावे, ही मागणी त्यानंतर जोर धरू लागली. १९८५-८६ पासून पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळात ४५ सेकंदांची मर्यादा आली. १९९३-९४ मध्ये ती ३५ सेकंदांवर आणि २०१५-१६ मध्ये ३० सेकंदांवर आणण्यात आली. दरम्यान १९८६-८७ पासून तीन गुणांची रेषाही देशभर लागू झाली. वेळ कमी झाला आणि दूरच्या नेमाचे मोल वाढले. नव्या आक्रमणासाठी जमीन तयार झाली ती अशी.

फ्रेस्नोतील प्रयोग

हे आक्रमण मोठ्या विद्यापीठात जन्मले नाही. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे व्हान्स वॉलबर्ग हे क्लोव्हिस वेस्ट नावाच्या शाळेचे प्रशिक्षक होते. १९९७ च्या सुमारास त्यांच्या संघात ख्रिस हर्नांडेझ हा चपळ खेळाडू होता. आपल्या बचावपटूला चकवून तो सहज बास्केटकडे मुसंडी मारत असे. पण तिथे पोहोचताच त्याला आपल्याच संघाचा उंच खेळाडू आणि त्याला चिकटून उभा असलेला प्रतिस्पर्धी आडवा येई. प्रचलित पद्धतीनुसार उंच खेळाडूने चेंडूच्या बाजूलाच उभे राहायचे असे. वॉलबर्ग यांनी त्याला उलट बाजूला पाठवले आणि वाट मोकळी झाली.

या छोट्याशा बदलातून पुढे संपूर्ण पद्धत उभी राहिली. चार खेळाडू तीन गुणांच्या रेषेबाहेर पांगलेले, दोघे दोन कोपऱ्यांत व दोघे समोरच्या बाजूला, आणि पाचवा उंच खेळाडू चेंडूच्या विरुद्ध अंगाला बास्केटजवळ. मध्यभाग रिकामा. चेंडू असलेल्या खेळाडूचा पहिला विचार एकच : समोरच्याला मागे टाकून बास्केट गाठणे.

पुढे काय होईल हे बचाव ठरवतो. कोणीच आडवे आले नाही, तर अगदी जवळून सोपा नेम साधता येतो. उंच खेळाडूचा बचावपटू मदतीला धावला, तर चेंडू बास्केटच्या वर उंच टाकला जातो आणि तो उंच खेळाडू हवेतच झेलून खाली दडपतो. कोपऱ्यातला बचावपटू आत सरकला, तर चेंडू त्या कोपऱ्यात जातो व तिथला सहकारी तीन गुणांचा नेम धरतो. तोवर बचावपटू धावत परत आला, तर त्याच्या धावण्याच्याच झोकाचा फायदा घेऊन नवी मुसंडी सुरू होते. कबड्डीत चढाई करणारा एका कोपऱ्याकडे झेपावला की बचावाची साखळी तिकडे ओढली जाते आणि दुसरी बाजू उघडी पडते. येथेही तत्त्व तेच आहे. फरक इतकाच, की येथे उघड्या पडलेल्या बाजूला आपला माणूस आधीपासून उभा असतो.

म्हणूनच या पद्धतीत आडोसे जवळपास वर्ज्य आहेत. आडोसा धरायला सहकारी जवळ आला, की त्याचा बचावपटूही सोबत येतो आणि कष्टाने मोकळी केलेली जागा पुन्हा भरते.

नेमाच्या निवडीमागेही साधा हिशेब आहे. तीन गुणांच्या रेषेबाहेरून तीनपैकी एक नेम लागला, तर प्रत्येक प्रयत्नामागे सरासरी एक गुण पडतो. मधल्या अंतरावरून दहापैकी चार नेम लागले, तर सरासरी ०.८ च भरते. म्हणून नेम एकतर अगदी जवळून साधावा किंवा रेषेबाहेरून. मधला मार्ग टाळावा. मुसंडीचा आणखी एक लाभ म्हणजे तिला अडवताना बचावपटूंकडून नियमभंग होतो आणि ‘फ्री थ्रो’ मिळतात. हा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अनोळखी प्रशिक्षकाकडून शिकवणी

जॉन कॅलिपारी यांनी २००० मध्ये मेम्फिसची सूत्रे घेतली, तेव्हा ते नामवंत होते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ आणि व्यावसायिक क्षेत्रातील न्यू जर्सी नेट्स या संघांचे प्रशिक्षकपद त्यांनी भूषवले होते. वॉलबर्ग तोवर शाळेतून फ्रेस्नो सिटी कॉलेज या दोन वर्षांच्या महाविद्यालयात आले होते. २००३ मध्ये मेम्फिसचा सराव पाहण्यासाठी ते गेले असता दोघांची गाठ पडली आणि वॉलबर्ग यांनी आपली पद्धत समजावून सांगितली. स्वतःची शैली असलेल्या प्रशिक्षकाने ती बाजूला ठेवून एका जवळपास अनोळखी माणसाकडून शिकावे, हे त्या व्यवसायात विरळाच. पुढील काळात कॅलिपारी यांनी ही पद्धत आत्मसात केली आणि तिला ‘ड्रिबल ड्राइव्ह मोशन’ हे नाव रूढ झाले.

यात प्रशिक्षकाने काय सोडून दिले, हे पाहायला हवे. चेंडू ताब्यात आल्यावर खूण करण्याचा अधिकार त्याने सोडला. निर्णय आता धावत्या खेळाडूने अर्ध्या सेकंदात घ्यायचा होता. या पद्धतीतील वेगाचे रहस्य इथेच आहे. खेळाडूंचे पाय एकाएकी जलद झाले नाहीत. बाहेरच्या आदेशाची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचला. त्यामुळे सरावाचे स्वरूपही बदलते. चाली घोकण्याऐवजी समोरचा बचाव वाचण्याचा अभ्यास करावा लागतो आणि चुकीचा निर्णय घेणाऱ्या खेळाडूला पुन्हा निर्णय घेण्याची मुभा द्यावी लागते.

वेग वाढवण्यामागे आणखी एक तर्क होता. सामना चाळीस मिनिटांचाच असतो. खेळ जितका जलद, तितके चेंडूचे ताबे अधिक. ताबे जितके अधिक, तितका नशिबाचा वाटा कमी आणि सरस संघाची सरशी होण्याची शक्यता जास्त. दुबळा संघ खेळ लांबवतो तो याचसाठी. मेम्फिसकडे सरस खेळाडू होते. त्यामुळे वेग त्यांच्या हिताचाच होता.

२००५-०६ आणि २००६-०७ या दोन्ही हंगामांत मेम्फिसने राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम आठ संघांत स्थान मिळवले. २००७-०८ मध्ये डेरिक रोझ हा असामान्य गतीचा नवखा खेळाडू संघात आला. त्याच्या साथीला कोणत्याही फटीतून वाट काढणारा ख्रिस डग्लस-रॉबर्ट्स आणि बास्केटजवळ दांडगा जोई डॉर्सी होता. फेब्रुवारीत टेनेसीने ६६-६२ असा धक्का दिला, तोच काय तो पराभव. राष्ट्रीय स्पर्धेत मिशिगन स्टेटवर ९२-७४, टेक्ससवर ८५-६७ आणि उपांत्य फेरीत यूसीएलएवर ७८-६३ अशी मात करून संघ अंतिम सामन्यात पोहोचला. यूसीएलएविरुद्ध डग्लस-रॉबर्ट्सने २८ आणि रोझने २५ गुण मिळवले.

त्याच हंगामात दुसरीकडे वेगळेच घडत होते. पद्धतीचे जनक वॉलबर्ग २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील पेपरडाइन विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले होते. पहिल्या वर्षी त्यांच्या संघाने आठ सामने जिंकले आणि २३ गमावले. जानेवारी २००८ मध्ये, हंगाम अर्ध्यावर असतानाच, त्यांनी पद सोडले. तीन महिन्यांनी मेम्फिस अंतिम सामना खेळत होता. पद्धत एकच, फळे दोन. समोरच्याला एकट्याने मागे टाकू शकणारा खेळाडू नसेल, तर बचावाला मदतीला धावण्याची गरजच पडत नाही आणि मग पुढची सारी साखळी सुरूच होत नाही.

थांबलेला क्षण

मेम्फिसच्या संघातही एक उणीव होती आणि ती हंगामभर सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांचे फ्री थ्रो शंभरात सुमारे ६१ च लागत; देशातील दुर्बळ संघांत त्यांची गणना होई. जिंकणाऱ्या संघाला ही उणीव बोचत नाही. गरज पडेल तेव्हा ते लागतील, असा प्रशिक्षकांचा विश्वास होता. राष्ट्रीय स्पर्धेतील आदल्या सामन्यांनी तो बळावलाही होता.

अंतिम सामन्यात आघाडीवर असलेल्या मेम्फिसला कॅन्ससने अपेक्षेप्रमाणे मुद्दाम फाउल करून फ्री थ्रोच्या रेषेवर उभे केले. अखेरच्या सुमारे सव्वा मिनिटात मेम्फिसचे पाचपैकी चार फ्री थ्रो हुकले. रेषेवर होते डग्लस-रॉबर्ट्स आणि रोझ, म्हणजे या बाबतीत संघातील त्यातल्या त्यात भरवशाचे हात. आघाडी तीन गुणांवर आली. २.१ सेकंद उरले असताना कॅन्ससच्या मारियो चाल्मर्सने तीन गुणांचा नेम साधला आणि ६३-६३ अशी बरोबरी झाली. जादा वेळेत कॅन्ससने ७५-६८ असा विजय मिळवला.

संपूर्ण खेळात फ्री थ्रो हा एकच क्षण असा, जिथे हालचाल नाही, बचावपटू नाही, वाचायला समोर काही नाही. खेळाडू एकटा, चेंडू स्थिर, अंतर ठरलेले. बास्केटकडे सतत धावणारे आक्रमण त्याच रेषेवर वारंवार नेऊन उभे करते. म्हणजे या पद्धतीची कमाई पदरात पाडून घेण्यासाठी लागणारे कौशल्य तिच्या वेगात नाही. ते निराळे, एकांतात व कंटाळा येईपर्यंत घोटावे लागते.

या कथेला कडू पुरवणीही आहे. रोझच्या प्रवेशपरीक्षेचे गुण अवैध ठरल्याने एनसीएए या नियामक संस्थेने २००९ मध्ये मेम्फिसचे त्या हंगामातील विजय अधिकृत नोंदींतून रद्द केले. कॅलिपारी तोवर केंटकी विद्यापीठात गेले होते. हंगाम नोंदीतून गेला. पद्धत मात्र राहिली. बाहेर पांगलेले चार खेळाडू, मोकळा मध्यभाग आणि मुसंडीनंतर कोपऱ्यात जाणारा चेंडू हे दृश्य आज व्यावसायिक सामन्यांपासून शालेय स्पर्धांपर्यंत सर्वत्र दिसते.

भारतातील सामने आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळले जातात आणि त्यांत आक्रमणासाठी २४ च सेकंद मिळतात. लांबलचक आखलेल्या चालींना इथे आणखी कमी वाव आहे. त्यामुळे हा विचार आपल्याकडील महाविद्यालयीन प्रशिक्षकांनाही खुणावणारा आहे. मात्र तो स्वीकारण्यापूर्वी त्यांनी तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे शोधायला हवीत. समोरच्याला एकट्याने मागे टाकील असा खेळाडू आपल्याकडे आहे काय? त्याने चुकीचा निर्णय घेतला, तर पुढच्या वेळी चेंडू पुन्हा त्याच्याच हाती देण्याची आपली तयारी आहे काय? आणि सराव संपल्यावर, सगळे घामाघूम झालेले असताना, प्रत्येकाकडून शंभर फ्री थ्रो मारून घेण्याची चिकाटी आपल्यात आहे काय? पेपरडाइनची घसरण पहिल्या प्रश्नावर झाली. मेम्फिसने पहिले दोन सोडवले होते. तिसऱ्याने त्यांचे विजेतेपद हिरावून नेले.