राउटर : घरातील एक दुर्लक्षित दार

माझा दवाखाना तळमजल्यावर आणि बिऱ्हाड वर. इंटरनेटची जोडणी दोहोंना एकच, आणि तिचा पासवर्ड रुग्णांच्या सोयीसाठी प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर चिकटवलेला. एके संध्याकाळी अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा तेथे बसला होता. त्याने मोबाइलवर राउटरचा पत्ता टाइप केला. नाव ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’, आणि सर्व सेटिंग्ज त्याच्यापुढे उघडल्या. ‘‘मामा, हा बसवून किती वर्षं झाली?’’ सहा, मी म्हणालो. रुग्णांचे अहवाल ज्या संगणकात आहेत तोही याच जोडणीवर, हे मला त्या क्षणी प्रथमच बोचले.

या सेटिंग्ज परक्याच्या हाती गेल्या, तर संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारी व्यवस्था तो बदलू शकतो. मग आपण नाव बँकेचे टाइप करावे आणि पोहोचावे भामट्याच्या पानावर! ब्राउझर धोक्याची सूचना देतो खरा, पण घाईत ती वाचतो कोण?

दुसरा दोष अधिक उद्बोधक आहे. अनेक राउटरांच्या पाठीवर ‘डब्ल्यूपीएस’चा आठ अंकी पिन छापलेला असतो. आठ अंक म्हणजे १० कोटी शक्यता. परंतु शेवटचा अंक आधीच्या सातांवरून गणिताने ठरतो; उरल्या १ कोटी. त्यातही राउटर पहिले चार अंक स्वतंत्रपणे तपासतो आणि ते चुकले तर तसे कळू देतो. तोंडी परीक्षेत अर्ध्या उत्तरालाच परीक्षकाने मान डोलवावी, तसा हा प्रकार. म्हणून आधी १०,००० आणि मग उरलेल्या तीन अंकांचे १,०००, असे फार तर ११,००० प्रयत्न पुरतात. स्टेफान फीबॉक या संशोधकाने डिसेंबर २०११ मध्ये हे उघड केले. पिन सापडला की राउटर स्वतःच वायफायचा पासवर्ड सांगून टाकतो, मग तो कितीही लांबलचक असो.

बाधित राउटर बहुधा लक्षणे दाखवत नाही. मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ची बाधा किमान ५४ देशांतील सुमारे ५ लाख उपकरणांना झाल्याचे उघडकीस आले. अमेरिकेच्या एफबीआयने राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्यास सांगितले. तथापि तेवढ्याने वरचे थर जात, मुळाचा भाग आत तसाच राही. आपल्या परिभाषेत, ताप उतरला, जंतू शिल्लक.

भाच्याने त्याच रात्री सेटिंग्जचा पासवर्ड बदलला आणि डब्ल्यूपीएस बंद केले. राउटरमधील सॉफ्टवेअर अद्ययावत करू गेला, तर त्या मॉडेलसाठी सुधारणा देणे कंपनीने केव्हाच थांबवले होते. पुढच्या आठवड्यात नवा राउटर घेतला. भिंतीवरचा कागद मात्र मी काढलेला नाही. त्यावर आता पाहुण्यांसाठीच्या स्वतंत्र जोडणीचा पासवर्ड आहे.