पहिल्यांदाच घर भाड्याने देताय?

माझ्या मावशीचा पुण्यात वन बीएचके फ्लॅट आहे. काका गेल्यानंतर ती मुलाकडे बेंगळुरूला राहायला गेली आणि फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरलं. काकांची पेन्शन नव्हती, त्यामुळे मुलापुढे हात न पसरता खर्चायला मिळणारे पैसे म्हणजे हे भाडंच. शेजारच्या वहिनींचा भाचा नुकताच नोकरीला लागला होता. ‘घरातलाच मुलगा आहे’ म्हणून मावशीने स्टॅम्पपेपरवर नोटरी करून चावी त्याच्या हातात दिली. भाडं १८ हजार, डिपॉझिट ६० हजार.

वर्ष बरं गेलं. मग त्याची नोकरी गेली आणि भाडं थकलं. मावशीने घर रिकामं करायला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘आधी डिपॉझिट द्या, मग जातो.’’ पण डिपॉझिट होतं कुठे? ते रंगकामात आणि नव्या गिझरमध्ये कधीच खर्च झालं होतं. त्यातच त्याने सांगितलं की, भाडं १६ हजारच ठरलं होतं. शेवटी मावशीने एफडी मोडली, थकलेल्या भाड्यावर पाणी सोडलं आणि घर ताब्यात घेतलं. शेजारच्या वहिनींशी बोलणं बंद झालं ते वेगळंच.

तो मुलगा काही लबाड नव्हता. अडचणीत होता. पण घर देताना सगळ्यांचं लक्ष तो राहायला कधी येणार याकडेच होतं. तो जाईल तेव्हा काय, हे कुणी कागदावर आणलंच नव्हतं.

११ महिन्यांचा गैरसमज

‘११ महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला?’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्यामागे कारण आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर ११ महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट चालत नाही. इथे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती पाळली नाही तर दंड किंवा कैदही होऊ शकते. शिवाय अटींवरून वाद झाला आणि करार नोंदलेला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मावशीचे १८ हजार १६ वर आले ते असे.

खर्चाचं म्हणाल तर तो फार नाही. समजा भाडं २० हजार, डिपॉझिट ६० हजार, मुदत ११ महिने. एकूण भाडं २ लाख २० हजार आणि डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज साडेपाच हजार, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे जेमतेम साडेपाचशे रुपयांच्या वर. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. एजंट घरी येऊन अंगठ्याचे ठसे घेतो, त्याचे पैसे वेगळे. कागद पक्का असेल तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट भाडं मागता येतं आणि दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं न रखडता सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

तुमचं घर इंदूरला, हैदराबादला किंवा दिल्लीत असेल तर तिथला राज्याचा कायदा बघा. पुण्याच्या नातेवाइकाचा मसुदा तसाच उतरवून घेऊ नका.

डिपॉझिट तुमचं नाही

नवख्या घरमालकाची सगळ्यात मोठी चूक माझ्या मते ही आहे. एकरकमी पैसे हातात येतात आणि घराची कामं समोर दिसत असतात. पण ते पैसे उसने आहेत. ज्या दिवशी भाडेकरू चावी देईल, त्या दिवशी ते परत द्यायचे आहेत. म्हणून वेगळी एफडी करा. मुदतीआधी मोडली तर थोडं व्याज जाईल, पण रक्कम तयार असेल.

डिपॉझिटवरचे वाद बहुतेक वेळा किरकोळ गोष्टींवरून होतात. नळ आधीच गळत होता की नंतर? ओट्याखालचं कपाट कधी फुगलं? चावी देताना भाडेकरूसोबत मोबाइलवर पूर्ण घराचा व्हिडिओ काढा. पंखे, गिझर, खिडक्यांच्या काचा, बाथरूमच्या टाइल्स आणि वीजमीटरचं रीडिंगही त्यात घ्या. वस्तूंची यादी कराराला जोडा. रंग फिका पडणं हे वापरण्यातच येतं, त्याचे पैसे कापणं मला तरी योग्य वाटत नाही. फुटलेलं बेसिन वेगळं.

वीजबिल तुमच्या नावावर असतं, हे विसरू नका. ग्राहक क्रमांक टाकून दर महिन्याला बिल भरलंय का ते ऑनलाइन बघायला दोन मिनिटं लागतात.

भाडेकरू कसा निवडायचा?

त्याची नोकरी, पगार, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर आणि ओळखपत्र बघा. त्या आधीच्या घरमालकाला खरंच फोन करा, लोक नंबर घेतात आणि ठेवून देतात. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा, महाराष्ट्रात हे ऑनलाइन करता येतं. सोसायटीलाही आधी कळवा. बिनभोगवटा शुल्क द्यावं लागेल, पण राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही.

आडनाव काय, डब्यात काय असतं, मुलगी एकटी का राहते, या प्रश्नांच्या उत्तरांवरून भाडं वेळेवर येईल की नाही हे कळत नाही. अनेक चांगले भाडेकरू आपण याच प्रश्नांपायी दारातून परत पाठवतो.

एकदा घर दिलं की आपली दुसरी चावी कपाटात राहू द्या. ‘आपलंच तर घर आहे’ म्हणत न सांगता जाणं बरं नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात २४ तास आधी कळवूनच घरात जाण्याची आणि राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतक्याच डिपॉझिटची तरतूद आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण कळवून जाण्याची अट कुणीही स्वतःहून करारात घालू शकतं. आणि भांडण कितीही वाढलं तरी पाणी किंवा वीज तोडायची नाही. तो गुन्हा आहे.

कराचा हिशोब

भाडं हे उत्पन्न आहे, ते बँकेतूनच घ्या. वर्षाला २ लाख ४० हजार भाडं आलं आणि १० हजार मालमत्ता कर तुम्ही भरला, तर उरलेल्या २ लाख ३० हजारांतून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. करपात्र उरतात १ लाख ६१ हजार. ही वजावट दुरुस्तीवर एक रुपया खर्च न करताही मिळते, म्हणून दुरुस्तीची बिलं पुन्हा वेगळी दाखवता येत नाहीत. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत आहे. घर भाड्याने दिलं की ती जाते, तेव्हा भाडं ठरवताना ते धरूनच ठरवा.

मावशीचं पुढे काय झालं? दुसऱ्या वेळी तिने हॉस्पिटलमध्ये नोकरी करणाऱ्या दोन मुलींना घर दिलं. नोंदणीकृत करार झाला, एक महिन्याच्या नोटिशीची अट लिहिली, ६० हजारांची एफडी केली. एकीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी महिनाभर आधी कळवलं. जाताना दोघींनी मावशीला व्हिडिओ कॉल लावून जुन्या यादीप्रमाणे एकेक वस्तू दाखवली. स्वयंपाकघरातली चिमणी साफ करायचे ८०० रुपये कापून, पावतीचा फोटो जोडून, मावशीने त्याच संध्याकाळी ५९,२०० रुपये परत केले. मग फोन करून विचारलं, ‘‘अगं, तुमच्या हॉस्पिटलमध्ये आणखी कुणाला घर हवंय का?’’